टॅब नकोत, ताईचं मानधन द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी ‘सामाजिक नवोपक्रम’ म्हणजे काहीतरी नव्या तऱ्हेचं काम करावं, असा आग्रह हल्ली देणगीच्या प्रत्येक अर्जात दिसतो. मी पतसंस्थेतून रोखपाल म्हणून निवृत्त झाले. आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदराजवळच्या एका मंडळाचे हिशेब लिहिते. मंडळ बंदरावरच्या मुलांसाठी वर्ग चालवतं. नवोपक्रमाचा खर्च कुठल्या खात्यावर पडतो, एवढं मला नक्की कळतं.

हर्णैला मासळीचा लिलाव सकाळी होतो तसा संध्याकाळीही होतो. होड्या लागल्या की आठवी-नववीतल्या मुली आईबरोबर वाळूवर. टोपल्या उचलायच्या, बर्फ आणायचा, कोळंबी निवडायची. आणि देणगीदाराच्या आराखड्यात वर्गाची वेळ पाच ते सात! मुलगे येत, मुली फिरकत नसत. त्यावर तपासणीला आलेल्या साहेबांनी उपाय सुचवला, पालक-जागृती मेळावा. तोही संध्याकाळी पाचला. शेवटी नववीतली एक पोर म्हणाली, “मेळाव्याला आई येईल कशी? तीपण तिथेच असते. वर्गच साडेसातला भरवा.”

अंधाराचं काय, तेही मुलींनीच ठरवलं. वाडीवार गट केले, मोठ्यांनी लहानांना घरी पोचवायचं, बॅटरी मंडळाची. पोचवता पोचवता त्या लहानांचा अभ्यासही घेऊ लागल्या. आंबाबागांत राखणीला येणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं पावसाच्या तोंडावर निघून जातात. त्यांची शाळा धड इकडे नाही, धड तिकडे नाही. त्यांच्यासाठी या मुलींनी एकेक वही केली. मूल कुठवर वाचतं, कुठलं गणित अडतं, एवढंच त्यात लिहायचं. जाताना वही मुलाबरोबर जाते, मूल परत आलं तर वहीही येते. खर्च वहीच्या किमतीएवढा.

आमच्या तालुक्याला यात नवल वाटू नये. साने गुरुजींचं पालगड दापोलीतलंच. त्यांचा जिव्हाळा लाभलेल्या, १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखा खेळ आणि गाण्यांवर चालल्या, आणि त्या चालवायला तरुण पोरंच पुढे होती.

आता पैशांचं. एका कंपनीने ‘यंदा नवीन काय?’ असं विचारून टॅब मंजूर केले आणि वर्ग घेणाऱ्या ताईचं मानधन ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून खोडलं. मी नियम काढून वाचले. सीएसआरमधली, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चातली, प्रशासकीय खर्चाची पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभाराला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. शिवाय सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालणारा प्रकल्पही नियमात बसतो. मग चाललेलं काम दर मार्चला मोडून नवं मागायची ही हौस कशासाठी? टॅब कपाटात आहेत. खाऱ्या हवेत ते किती टिकतील, हा वेगळाच विषय.

सरकारकडे जावं, तर अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत. केंद्राची १४ ते १८ वर्षांच्या किशोरींची योजना २०२२ पासून ईशान्येकडची राज्यं आणि आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांपुरती आहे. महाराष्ट्रात असे जिल्हे चार: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली, धाराशिव. त्यांना ती मिळायलाच हवी. पण वाळूवर कोळंबी निवडणारी पोर रत्नागिरीची आहे म्हणून पुढारलेली ठरते, हे मला पटत नाही.

राहिली ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के तिने महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून शिलाई यंत्रं घेतात, घ्यावीत. पण बंदराकाठच्या ग्रामपंचायतींनी त्याच पैशातून संध्याकाळच्या वर्गाच्या ताईचं मानधन आणि सभागृहाचं वीजबिल द्यावं, अशी माझी जाहीर मागणी आहे. मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं १२ वं कलम सांगतं आणि १९९२ मध्ये भारताने तो करार स्वीकारला आहे. तेव्हा याच मागणीचा मुलींनी लिहिलेला अर्ज ग्रामसभेत त्यांनाच वाचू द्यावा. अर्ज दोन पानी आहे. त्यातली बेरीज मी तपासली आहे, बरोबर आहे.

– एक निवृत्त रोखपाल, हर्णै परिसर, ता. दापोली