गोधडी निम्म्यावर आली

पुणे, रविवार

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू चिडून फोन ठेवलास, त्याचा मला राग नाही. "आई, माझ्या झोपेचा हिशोब ठेवू नकोस" म्हणालास. नाही ठेवणार. या पत्रात फक्त गोधडीचं आणि भरतकामाचं लिहायचं असं ठरवून बसले आहे.

गोधडी निम्म्याच्या पुढे गेली. खाली आजीचं अंजिरी लुगडं, मध्ये बाबांचे जुने पंचे, वर माझ्या दोन सुती साड्या. मे महिन्यात दिवाण सरकवून सगळं जमिनीवर अंथरलं, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि तुझी जुनी डिक्शनरी ठेवली, आणि तळहाताने सुरकुत्या काढत मोठे कच्चे टाके घालून घेतले. हे टाळलं की आतलं कापड गोळा होतं, मग पाठीखाली गाठी टोचतात आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. आता कडेकडून धावदोरा घालत आत आत येते आहे. दोन ओळींत बोटभर अंतर. रोज दुपारी दोन ओळी होतात, त्यापुढे अंगठा दुखतो.

वसूमावशी कर्नाटकात यल्लापूरला गेली होती ना, तिथून सिद्दी बायकांच्या कवंदीचे, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीचे, फोटो घेऊन आली. सिद्दी म्हणजे फार पूर्वी आफ्रिकेतून आलेले लोक. त्याही कडेपासूनच मध्याकडे शिवत येतात आणि चारही कोपऱ्यांना चिंधीच्या घड्या घालून फूल लावतात. फुलाशिवाय कवंदी उघडी मानतात म्हणे. मला ते इतकं आवडलं की मीही तीन कोपऱ्यांना फुलं लावली. चौथ्याला तुझ्या लहानपणच्या गोधडीचा कोपरा कापून लावला आहे, तू चोखून चोखून पांढरा केलेला. तो तोंडात असल्याशिवाय तू डोळा मिटायचा नाहीस. लातूरच्या लग्नात ती गोधडी घरी राहिली, तर पहाटेपर्यंत आम्हा दोघांना जागवलंस.

शनिवारवाड्याचं क्रॉस स्टिचही पुढे सरकलं आहे. कापड 14 काउंटचं, म्हणजे इंचाला 14 घरं. आलेखाच्या कागदावर नक्षी मीच काढली, 140 घरं रुंद आणि 112 उंच, म्हणजे दहा बाय आठ इंच. तुळशीबागेतून दोऱ्याच्या लडी आणल्या. सहा पदरांतले दोनच पदर सुईत घ्यायचे आणि प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला ठेवायचा, नाहीतर उजेडात डाग पडल्यासारखं दिसतं. डावा बुरूज एक घर खाली उतरला होता. तीन संध्याकाळी बसून उसवला. बाबा म्हणाले, कुणाला कळणार आहे? मला कळत होतं.

सध्या दिल्ली दरवाज्यावर आहे. एका दारावर 72 खिळे, नऊ-आठच्या ओळींत. एका खिळ्याला राखाडी दोऱ्याची एक फुली. भरताना तू आठवतोस. बाबांच्या खांद्यावर बसून मोजायचास आणि मोजणी चुकली की रडायचास. मग रात्री मी म्हणायचे, डोळे मिट आणि दार समोर आण, आता मोज. चाळिसाच्या पुढे तू कधी गेला नाहीस. निखिल, तसं अजूनही करून बघ ना. लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेव, अकरानंतर कॉफी नको, आणि रिलीज असली तरी सहा तास झोप हवीच. बंडूकाकाही म्हणायचे, एवढं एक काम संपू दे मग आहेच झोप. बेचाळीस म्हणजे काय वय असतं रे? तूही परवा छत्तीसचा झालास.

बघ, लिहायचं नव्हतं ते लिहिलंच. माफ कर. पान फाडून नवं लिहावं असं मनात आलं, पण आता राहू दे. तू कामचुकार नाहीस हे मला माहीत आहे. सहा माणसं तुझ्या हाताखाली आहेत हे बाबा रिक्षावाल्यालाही सांगतात, आणि मी शेजारी बसून ऐकते तेव्हा ऊर भरून येतो. पण मग घरी आल्यावर वाटतं, या सहा जणांत तुला "घरी जा आता" म्हणणारं कोणी असेल का?

दिवाळीपर्यंत गोधडी होईल. कुरिअरने पाठवणार नाही, बाबा आणि मी घेऊन येऊ. उद्यान एक्सप्रेसची तिकिटं बघायला सांगितली आहेत. तुझ्या पलंगाची लांबी मात्र मोजून कळव. मी साडेसात फूट धरली आहे, पाय उघडे पडायला नकोत.

तुझी,
आई

ता. क. काल पावणेतीनला तू ऑनलाइन दिसलास. मी पाणी प्यायला उठले होते.