अल फाशरची पेंड आणि आपली गोदामे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेंगदाण्याचे तेल गाळल्यावर जो चोथा उरतो त्याला आपण पेंड म्हणतो. आमच्या सांगोल्याकडे ती दुभत्या म्हशीपुढे ठेवतात. पश्चिम सूडानमधल्या अल फाशर शहरात २०२५ मध्ये माणसे ही पेंड खात होती. तिकडे तिला 'अंबाझ' म्हणतात. वेढा पडलेल्या शहरात ज्वारी संपली, पीठ संपले, डाळ संपली, तेव्हा लोक जनावरांच्या खाद्याकडे वळले. पुढे ती पेंडही महाग झाली आणि मिळेनाशी झाली.

मे २०२४ पासून पाचशेहून अधिक दिवस चाललेला तो वेढा २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर पडल्यावर संपला. रॅपिड सपोर्ट फोर्सेस, म्हणजे आरएसएफ या निमलष्करी दलाने शहर घेतले. त्यानंतर तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसे मारली गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. आपल्या मराठी वृत्तपत्रांत दोन-चार दिवस आतल्या पानावर बातम्या आल्या, मग थांबल्या. म्हणून हे पत्र.

मी पुरवठा विभागातून निवृत्त झालो. आयुष्य गोदाम, ट्रक, परवाने आणि रेशन दुकानांच्या नोंदवह्या तपासण्यात गेले. धान्य गोदामातून निघून ताटात पोहोचेपर्यंत कुठे कुठे अडते, हे मला ठाऊक आहे. सूडानबद्दल वाचताना मी तीच नजर घेऊन वाचतो.

१५ एप्रिल २०२३ रोजी खार्तुममध्ये दोन सेनानींची लढाई जुंपली. एक लष्करप्रमुख अब्देल फताह अल बुऱ्हान, दुसरा आरएसएफचा प्रमुख मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेद्ती. ऑक्टोबर २०२१ मध्ये याच दोघांनी मिळून तिथले अर्धे-मुर्धे नागरी सरकार उलथवले होते. लढाई पेटताच भारताने 'ऑपरेशन कावेरी' राबवून सुमारे ३८०० माणसे सुखरूप आणली, एक विमान मुंबईतही उतरले. ते काम चोख झाले, त्याचा अभिमान आहे. पण आपली माणसे घरी आली आणि आपण ते पान उलटून मोकळे झालो. मागे राहिलेल्यांपैकी एक कोटीहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. २०२४ च्या अखेरीस जवळजवळ अडीच कोटी लोक, म्हणजे निम्मा देश, तीव्र उपासमारीत होता.

सूडानमधली ही भूक पाऊस न पडल्यामुळे आलेली नाही. तो देश उपाशी राहावा असा नाहीच. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मधली गेझिरा ही जगातल्या मोठ्या सिंचन योजनांपैकी एक. आणि ज्वारी? आपण जिला आपली म्हणतो, त्या ज्वारीच्या लागवडीच्या सर्वांत जुन्या खुणा पूर्व सूडानात सापडल्या आहेत, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांच्या खापरांवर. आपली भाकरी मुळात त्या बाजूची. अशा देशात ऑगस्ट २०२४ मध्ये अल फाशरजवळच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर करावा लागला, नंतर आणखी छावण्यांत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये खुद्द अल फाशर आणि काडुगली या शहरांत. ही भूक माणसांनी पाडलेली आहे, रस्ते अडवून आणि गोदामे लुटून.

डिसेंबर २०२३ मध्ये आरएसएफने वाद मदनी शहर घेतले, तेव्हा तिथले संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचे गोदाम लुटले गेले. पंधरा लाख लोकांना महिनाभर पुरेल इतके धान्य त्यात होते. पण दोष एकाच बाजूचा नाही. शेजारच्या चाड देशाच्या सीमेवरचे आद्रे हे दारफूरमध्ये, म्हणजे अल फाशर ज्यात येते त्या पश्चिम सूडानच्या मुलखात, शिरण्याचे सर्वांत सोयीचे दार. ते लष्करी सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केले आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत उघडले नाही. म्हणजे पेरणीआधीचे आणि पेरणीतले सगळे महिने गेले, आणि पावसाने ओढे भरून वाटा तुटू लागल्यावर दार उघडले. जून २०२५ मध्ये पंधरा ट्रकचा ताफा पोर्ट सूडान बंदरातून १८०० किलोमीटरहून जास्त चालून अल फाशरच्या दिशेने आला आणि अल कोमा इथे त्याच्यावर हल्ला झाला. पाच जण मारले गेले, ट्रक जळाले. आमच्या नोकरीत ट्रक पंक्चर झाला तरी आम्ही रात्रभर जागायचो. त्या चालकांच्या घरच्यांचे काय झाले असेल, हे मनातून जात नाही.

१९७२ साली मी नऊ वर्षांचा होतो. आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि मी धाकट्या बहिणीला घेऊन कडेला बसायचो. सुकडी मिळायची ती मुठीत धरून, पुरवून पुरवून खायचो. रेशनवर अमेरिकेहून जहाजाने आलेली लाल मिलो मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. पण ती होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, जनावरे गेली, गावे ओस पडली, तरी माणसे मुंग्यांसारखी मेली नाहीत. कारण हातात मजुरीचे पैसे होते, धान्य येत होते आणि ते अडवायला कोणी बंदूक घेऊन उभे नव्हते. झमझममध्ये या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती.

अशा जागी मदत पोहोचते कशी? मला सर्वांत जास्त शिकवले ते सूडानमधल्या तरुण मुलामुलींनी. लढाई सुरू झाल्यावर मोहल्ल्यामोहल्ल्यात स्वयंसेवकांच्या 'आपत्कालीन प्रतिसाद खोल्या' उभ्या राहिल्या. त्यांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. तिथे या स्वयंपाकघराला 'तकिया' म्हणतात. फकिराच्या ठिकाणाला आपल्याकडेही तकिया म्हणतातच, मूळ शब्द एकच. एकमेकांच्या कामाला धावून जाण्याच्या त्यांच्या जुन्या रीतीला 'नफीर' असे नाव आहे, आपली इर्जिकच ती. पैसा मोबाइलवरच्या 'बँकक' ॲपमधून येतो, रोख हवी तर दलाल कमिशन कापतो, मोहल्ल्यातल्या दुकानदाराकडून डाळ, मसूर, ज्वारी घेतली जाते आणि मोठ्या पातेल्यात शिजते. ना ताफा लागतो, ना झेंडा. दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी या मुलांना पकडले, मारले, तरी चुली विझल्या नाहीत. २०२५ चा 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार या खोल्यांना मिळाला तो योग्यच.

चुली विझल्या त्या एका दूरच्या राजधानीतल्या सहीने. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली. २०२४ मध्ये सूडानला मिळालेल्या मानवतावादी मदतीत अमेरिकेचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त होता, आणि या स्वयंपाकघरांना मिळणारा बराच पैसा मधल्या संस्थांमार्फत तिथूनच यायचा. काही आठवड्यांत ११०० हून अधिक तकिये, म्हणजे सुमारे ८० टक्के, बंद पडल्याचे स्वयंसेवकांनी सांगितले. जुलैमध्ये ती मदतसंस्था, यूएसएड, बंदच झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनने आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. ०.७ टक्क्यांचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवले होते, हे आता कोणी बोलतही नाही. सूडानसाठी २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सुमारे ४.२ अब्ज डॉलर मागितले, अल फाशर पडले त्या ऑक्टोबरअखेर त्यातले एक तृतीयांशही जमले नव्हते.

मग आपण काय केले? भारताच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयामार्फत संपूर्ण आफ्रिका खंडासाठी मदतीची तरतूद २२५ कोटी रुपये होती. पन्नासहून अधिक देश आणि २२५ कोटी! भारतातल्या माणशी हिशेब केला तर सुमारे दीड रुपया. एकट्या भूतानसाठी २१५० कोटी होते. भूतान शेजारी आहे, त्याला द्यावेत, कमी करा असे मी म्हणत नाही. कर्जाच्या योजना, प्रशिक्षणाच्या जागा हेही भारत आफ्रिकेला देतो, हे मी जाणतो. पण पातेल्यात शिजवायला कर्ज चालत नाही. २०२० मध्ये 'आयएनएस ऐरावत' ही आपली युद्धनौका १०० टन अन्नधान्य घेऊन पोर्ट सूडानला गेली होती. तेव्हा युद्धही नव्हते. युद्ध असताना का जाऊ नये?

"आधी आपल्या शेतकऱ्याचे बघा," असे म्हणणारे वाचक असतील. मी दुष्काळी तालुक्यातला आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या वारलेल्या माणसाच्या तेराव्याला बसलो आहे. पण माझ्या शेतकऱ्याला अडवणारी गोष्ट म्हणजे पडलेला भाव. १ जुलैला केंद्रीय साठ्यात १३५ लाख टन तांदूळ असावा असा राखीव निकष आहे, २०२५ मध्ये तो त्याच्या दुपटीहून अधिक होता. ठेवायला जागा नाही म्हणून आपण धान्य ताडपत्रीखाली भिजताना पाहिले आहे. सूडानला दोन जहाजे गेल्याने आपल्या रेशनकार्डावरचा एक दाणा कमी होणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या अन्न विभागाने जागतिक अन्न कार्यक्रमाला पोषणयुक्त तांदूळ पुरवण्याच्या आशयपत्रावर सह्या केल्या आहेत. म्हणजे वाट तयार आहे, तिच्यावरून सूडानसाठी माल निघायला हवा.

पण फक्त तांदूळ पाठवून भागणार नाही, हे पुरवठा खात्यातला माणूस म्हणून सांगतो. लुटीच्या भीतीवर उपाय म्हणजे एका मोठ्या गोदामात सगळे न कोंबणे, थोडे थोडे, वारंवार, अनेक वाटांनी पाठवणे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोख पैसा. पूर्व सूडानात गदारिफच्या पट्ट्यात ज्वारी पिकते. तकियाच्या हाती पैसा असेल तर ती ज्वारी तिथलाच व्यापारी आणतो, तिथल्याच शेतकऱ्याला भाव मिळतो. अडचण अशी की मदत देणाऱ्या सरकारांना नोंदणीकृत संस्था हवी, लेखापरीक्षण हवे, लाभार्थ्यांची यादी हवी. वेढ्यातल्या शहरात यादी करणे म्हणजे कोणाच्या तरी हाती मारायची यादी देणे. मी आयुष्यभर याद्या तपासल्या, त्यांचे महत्त्व जाणतो, तरीही म्हणतो की इथे भांडी मोजा, शिजलेली ताटे मोजा, फोटो घ्या, दुकानदाराच्या पावत्या घ्या, नावे मागू नका.

आणखी एक. आरएसएफला संयुक्त अरब अमिरातीतून शस्त्रे मिळतात असा आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांपासून अनेकांनी केला आहे. अमिराती तो नाकारते. सूडानचे सोने मात्र मोठ्या प्रमाणावर तिथेच जाते. अमिरातीशी भारताचे संबंध आज फार जवळचे आहेत, २०२२ चा व्यापार करार आहे, लाखो भारतीय तिथे राबतात. २०२३ मध्ये दिल्लीत आफ्रिकी संघाला जी-२० चे कायम सदस्यत्व मिळवून देताना आपण आफ्रिकेचा आवाज म्हणून उभे राहिलो. त्याच तोंडाने अबूधाबीला शस्त्रांबद्दल विचारायला संकोच का वाटावा?

माझी मागणी आपल्या पत्रातून खासदारांपर्यंत जावी. सूडानसाठी वेगळी तरतूद व्हावी, तिचा मोठा भाग स्वयंपाकघरांसाठी रोखीने असावा, आणि धान्याचे जहाज पावसाआधी निघावे. दारफूरचा पाऊसही आपल्यासारखाच जूनमध्ये सुरू होतो. ओढे फुगले की ट्रक जागीच थांबतात. म्हणजे पोर्ट सूडानला माल मार्चपर्यंत उतरला पाहिजे, तरच मृगाच्या आत तो दारफूरच्या आत पोहोचेल. हे पत्र मी आमच्या खासदारांनाही पाठवले आहे.

आपला,
एक निवृत्त पुरवठा निरीक्षक,
सांगोला, जि. सोलापूर