टेबलावरचा ठिपका

दांडिया बाजार, वडोदरा

चि. ऋचा,
अनेक आशीर्वाद.

स्टेशनवर आलो नाही. आईने गुडघ्याचं निमित्त सांगितलं असेल. गुडघा ठणठणीत होता. राग आला होता.

तू सोडलेल्या नोकरीबद्दल लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

टेबल पुसताना तू काढलेला पेन्सिलीचा ठिपका दिसला. तेवढा सोडून बाकीचं पुसलं. दुधाच्या पिशव्यांची दोन रबरं एकमेकांत गाठवून एक टोक तू माझ्या बोटात अडकवलंस. "बाबा, मी काहीही केलं तरी गाठ ठिपक्यावरून हलू द्यायची नाही." तू ओढलंस की मी ओढायचो, तू सैल सोडलंस की मीही. आई म्हणाली, हे तुझी नक्कल करतायत. छे! तुझ्या हाताकडे माझं लक्षच नव्हतं, मी नुसती गाठ बघत होतो. तो अमेरिकन संशोधक विल्यम पॉवर्स १९७३ साली हेच सांगून गेला, म्हणालीस. प्राणी हालचाल ठरवत नाही. जे दिसायला हवं ते दिसत राहील एवढं सांभाळतो.

मला पटलं गं. चौतीस वर्षं प्लांटमध्ये लूप ट्यून केलेत मी, मोजायचं, हवं त्याच्याशी ताडायचं, फरक मिटवत राहायचं. तुझी ती लूपची उतरंड म्हणजे आमचं कॅस्केडच की! वरचा लूप खालच्याला सेट पॉइंट देतो, म्हणजे काय राखायचं ते सांगतो. पण सगळ्यात वरच्याला तो आमच्याकडे बाहेरून ऑपरेटर देतो. तुझ्या कंपनीलाही तेच हवं होतं. रोबोच्या हाताच्या सांध्यांचे कोन आधी गणिताने काढायचे, मोटरींनी ते गाठायचे, डबा खोक्यात पडला की झालं. तुला मात्र यंत्राकडून माणूस समजून घ्यायचाय. दोन्ही कामं खरी, पण पगार पहिल्याचाच मिळतो. शिल्लक किती महिने पुरेल? बघ, आलोच तिथे.

"जिवंत माणसाचा सेट पॉइंट बाहेरून फिरवायला गेलं की भांडण होतं," म्हणालीस. रोख माझ्यावर होता. मी ताट सरकवून उठलो. चुकलंच.

तू सातवीत होतीस, अण्णाकाकांच्या गच्चीवरचं उत्तरायण. फिरकी टाकून दोरी मागितलीस. "बाबा, हात किती हलवायचा?" मी म्हटलं, हाताकडे बघू नकोस, वर बघ. वारा पडला की खेचत होतीस, भरला की ढील देत होतीस. मांजाने बोट कापलं, फ्रॉकला रक्त लागलं, तरी पतंग खाली येऊ दिला नाहीस. मी खाली जाऊन सगळ्या वाड्याला सांगत सुटलो होतो. रात्री मात्र झोप लागली नाही. बोट सुजलं होतं.

भाडं कोण भरतंय, एवढं कळव. राहू दे, नको कळवूस.

लिल्या चिवड्याच्या डब्याखाली एक पाकीट आहे. भांडणाच्या आधीच ठेवलं होतं. आईला माहीत नाही.

तुझा,
बाबा