कँटीनच्या करारावर मुलांचीही सही हवी

मा. शिक्षणमंत्री, गोवा राज्य,
स. न.

शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरांच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) २०२० चा नियम आहे. मुले त्यावर फलक रंगवतात, नाचणीचे गोडवे गातात आणि मधल्या सुट्टीत त्याच फलकाखाली सामोसा घेतात. मुलांचे चुकत नाही. कँटीन जास्त भाडे देणाऱ्याला दिले, की तो भाडे शीतपेये आणि तळणातूनच काढणार. म्हणून भाडे उतरवा आणि विक्रीच्या यादीवर विद्यार्थी समितीची सही लागेल, असे कलम करारात घाला.

समितीत सातवी ते नववीच्या दर वर्गातून दोघे असावेत. निम्मे सभासद दर सहामाहीला बदलावेत, नाहीतर नववीची मुले दहावीत गेली की काम बसते. पहिले दोन आठवडे त्यांनी फक्त मोजावे: काय किती खपले, काय उरले. मग वेष्टने वाचावीत. १०० मिलीत ११ ग्रॅम साखर म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत साडेसत्तावीस. तेवढी साखर बाटलीशेजारी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी (पिशवीत ठेवली तर मुंग्या आल्याच).

नुसते बंद करून भागत नाही, कारण सकाळी लवकर भरणाऱ्या शाळेत कितीतरी मुले चहा-बिस्किटावर येतात. सुट्टीत त्यांना खरोखर भूक असते. १०० मुलांना उसळ द्यायची तर माणशी ३० ग्रॅम धरून ३ किलो कोरडे चणे रात्री भिजवावे लागतात. पावसाळी दमटपणात उकडलेले चणे दुपारपर्यंत आंबतात, तेव्हा आदल्या दिवशी वर्गवार मागणी घ्यावी. फळ कापून ठेवू नये. केळे आणि पेरू अख्खेच बरे, आणि तेही गल्ल्याजवळ, नजरेसमोर.

खेळाचे दुखणे वेगळे. मुले बालरथातून (सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसमधून) थेट फाटकावर उतरतात, म्हणजे चालणेही गेले. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल सांगते. ४० मुलांत एक फुटबॉल दिला तर बहुतेक जण उभेच राहतात. आठ-आठांचे पाच गट करावेत, प्रत्येकाला वरच्या वर्गातला एक म्होरक्या द्यावा आणि लंगडी, दोरीउड्या, खो-खो दर आठ मिनिटांनी फिरवावे. पावसात मैदान चिखल होते आणि तास गणिताला जातो; तो वर्गात बाके सरकवून घ्यावा. ओल्या व्हरांड्यात दोरीउड्या मात्र नकोत, पाय घसरतो. मुलींना खेळाच्या दिवशी दिवसभर खेळाचाच गणवेश चालावा. पिनाफोरात कोण धावणार?

एक काम मुलांकडे अजिबात देऊ नका: वजने घेणे आणि डबे तपासणे. त्यातून फक्त चिडवाचिडवी होते.

कँटीनचे करार वर्षाच्या सुरुवातीला होतात. परिपत्रक त्याआधी निघाले तरच समितीच्या सहीला किंमत राहील.

आपले,
शालेय आहार आणि क्रीडा क्षेत्रातील कार्यकर्ते, गोवा