आधी माणूस उभा कर

सोलापूर,
२० जानेवारी

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. कॅरेक्टर डिझाइनकडे, म्हणजे ॲनिमेशन-गेमसाठी पात्रं रेखाटण्याकडे, वळायचं तू पक्कं केलंस, वाचून फार बरं वाटलं. मी याच वाटेवर तुझ्या थोडा पुढे आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

चित्रं पाहिली. चेहरे सुरेख आहेत. पण तुझी माणसं जमिनीला टेकलेली नाहीत रे, तरंगतात. म्हणून संगणकावर चित्र काढायचा पेन टॅबलेट कुठला घ्यायचा ते आत्ता विचारू नकोस. साधी वही आणि बॉलपेन पुरे.

माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूची कंबर वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडलास तर तो भाराच्या पावलापाशी उतरतो. बरगड्यांचा एक खोका समज, कमरेचा दुसरा, दोघांचा कल उलटसुलट. आधी ३० सेकंदांत नुसता अंगाचा झोक पकडायचा, मग २ मिनिटांत, आणि खोके त्यानंतर. हे रोज कर, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी विड्या वळतात. त्यांना विचारून मी समोर जमिनीवरच बसतो, म्हणजे डोळ्यांची पातळी एक राहते. पाठ भिंतीला, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. पान कापताना कोपरं अंगाला चिकटलेली, मान पुढे, आणि सगळी हालचाल फक्त बोटांत. पात्राचा ढोबळ आकार गोल म्हणजे प्रेमळ, चौकोन म्हणजे ठाम, त्रिकोण म्हणजे धोकादायक, हे तू शिकला असशीलच. ते खोटं नाही. पण मावशींची बैठक खाली रुंद, वर निमुळती, म्हणजे चक्क त्रिकोण, आणि त्यांच्याइतकं स्थिर माणूस मी पाहिलेलं नाही. पात्राचा आकार त्याच्या कामातून काढावा, असं माझं ठाम मत झालंय ते त्यांच्यामुळेच.

गेल्या आठवड्यात सिद्धेश्वरांच्या यात्रेतही वही नेली होती. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस उंच नंदीध्वज पेलून चालतो, तेव्हा काठी सरळ राहावी म्हणून त्याचं अख्खं शरीर क्षणाक्षणाला तोल बदलत असतं. घरी येऊन ते स्केच आतून पूर्ण काळं भरलं. नुसत्या छायाकृतीवरूनही तो काय करतोय ते कळत होतं. तुझ्या प्रत्येक पात्राची ही परीक्षा घे.

प्रमाणं मोडायची ती नंतर. मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच, म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या उंचीच्या साडेसात पट. हे हातात बसलं की तीन डोक्यांचं गोंडस पात्रही नीट उभं राहतं. पोर्टफोलिओत, म्हणजे काम मागताना दाखवायच्या चित्रसंचात, लागतं ते टर्नअराउंड, म्हणजे एकच पात्र समोरून, पाऊण बाजूने, बाजूने आणि मागून, चारही चित्रांत खांदे खांद्यांच्या आणि गुडघे गुडघ्यांच्या रेषेत. थ्रीडी मॉडेल करणारा त्यावरूनच काम करतो. खोके पक्के नसतील तर पाऊण बाजूलाच सगळं बिघडतं.

तू लिहिलंयस त्या क्लासची लाखांतली फी कर्ज काढून भरू नकोस. नोकरीही इतक्यात सोडू नकोस. सकाळचा एक तास चित्रांसाठी राखून ठेव.

पुढच्या पत्रात चेहरे नकोत, फक्त उभी माणसं पाठव. बस स्टॉपवरची चालतील. मी प्रत्येकावर ओळंबा टाकून परत पाठवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश