हाउवाहिनेचे खडक आणि आपले नांदूर

महोदय,

मुलीकडे होनोलुलूला गेले होते, तेव्हा ओआहू बेटावरची कावाइनुई पाणथळ पाहिली. तिच्या काठावरचे खडक हाउवाहिनेचे. ही पाण्याची राखण करणारी सरड्याच्या रूपातली देवता; झाडपाला पिवळसर दिसला की ती आली, असे तिथले लोक मानतात. तापल्या खडकावर हात टेकून बसले. खाली गुलाबी पायांचा पक्षी चिखलात चोच खुपसत होता, थेट आपल्या शेकाट्याचा भाऊबंद! २००५ पासून ही जागा रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे.

आपले नांदूर मध्यमेश्वर तर महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. परतल्यावर तिथे गेले, तर काठावर खरकट्या पत्रावळी पडलेल्या. जीव तुटला. सुट्टीच्या दिवशी तरी तिथे राखणदार नेमावा.

– एक निवृत्त शिक्षिका, निफाड