स्काऊट-गाईडचं सर्टिफिकेट आणि ॲडमिशन
सांगली ग्रुपमधल्या सगळ्या पालकांना, स्काऊट-गाईडच्या सर्टिफिकेटचा ॲडमिशनला उपयोग होतो का, हा प्रश्न परत परत येतोय म्हणून एकदाच लिहितो. स्काऊट-गाईडचा राज्य पुरस्कार किंवा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला म्हणून इंजिनिअरिंग-मेडिकलला सीट मिळत नाही, तिथं सीईटी आणि नीटचेच मार्क चालतात, उगाच कुणाच्या नादी लागू नका. पण दहावी-बारावीला सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडं जातो, त्यासाठी तृतीय सोपान म्हणजे राज्य पुरस्काराच्या आधीची पायरी, तिथपासूनची सगळी सर्टिफिकेटं लॅमिनेशन न करता फाईलला लावा (मागं एकाचं लॅमिनेशनमध्येच जळालं, बिचारा!) आणि झेरॉक्स सरांकडं द्या. रेल्वे भरतीत स्काऊट-गाईड कोटा आहे, तो पुढं कामाला येतो. मुलं तंबू ठोकायला शिकली ते वेगळंच, त्याचे मार्क कोण देणार!